सप्ता हलत नसते

बापूरावांना कोणी काहीही करायला सांगितलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "लेखी हाय काय?"

एसटीचा कंडक्टर म्हणाला, "काका, मागं सरका," तरी हेच. अचलपूरच्या एका डॉक्टरनं तंबाखू सोडायला सांगितली, तर यांनी ते कागदावर लिहून मागितलं आणि घरी येऊन त्याच कागदात तंबाखूची पुडी बांधली. एका लग्नात यजमान म्हणाले, पंगतीला बसा. यांनी खिशातून पत्रिका काढली. "यात 'उपस्थिती प्रार्थनीय' एवढंच हाय. जेवणाचं कुठी लिहेल नाई." तीन पंगती उठेपर्यंत ते तसेच उभे. शेवटी यजमानानं पत्रिकेवर 'जेवून जावे' असं लिहून खाली सही केली, तेव्हा कुठं ते पाटावर बसले.

मी त्या गावचा तलाठी. मूळचा अमरावतीचा. मोर्शीपासून आत, नदीकाठच्या त्या गावात बदली झाली आणि खोली मिळाली ती नेमकी बापूरावांच्या शेजारी. आदेश देणारं सरकार आणि आदेश न मानणारा माणूस यांच्यात एकच भिंत, आणि तीही ओल आलेली.

नदीकाठच्या देवळाचे ते विश्वस्त. दर श्रावणात तिथं सात दिवसांचा अखंड नामसप्ताह. गाव त्याला सप्ता म्हणतं. सात दिवस वीणा जमिनीवर ठेवायची नाही. एकानं ती गळ्यात घालून उभं राहायचं, दोन तासांनी दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. या पाळीला पहारा म्हणतात.

गेल्या वर्षी सप्त्याच्या पाचव्या दिवशी सकाळीच निरोप आला: वरच्या धरणाचे दरवाजे दुपारी उघडणार, तोवर नदीकाठ रिकामा करा. मी आदेश टाइप केला, शिक्का मारला आणि मोठ्या ऐटीत देवळात गेलो. या वेळी माझ्याकडे लेखी होतं.

बापूरावांनी चष्मा लावून कागद वाचला. "'मंदीर' लिहेल हाय. दीर्घ. आपलं मंदिर ऱ्हस्व हाय. हा कागद दुसऱ्या कोण्या गावचा असन."

मी पेनानं दुरुस्ती केली.

"'सर्व भाविकांनी' लिहेल हाय. मी भाविक नाई, विश्वस्त हाय."

"बापूराव, पाणी येऊन राहिलं!"

"येऊ दे. दर्शनाले कोणालेच मनाई नाई आपल्या इथं."

"अहो, पण लोकं बुडतील."

"सप्ता हलत नसते, तलाठीभाऊ. काठावरच्या दर्ग्याले देल्ला काय असा कागद?"

"दिला. ते सगळे सकाळीच शाळेत गेले. चहा पिऊन राहिले तिथं."

बापूराव जरा गडबडले. मग म्हणाले, "अन् चर्चले?"

"गावात चर्च नाही, बापूराव."

"मंग आधी बांधा. नियम सगळ्याईले सारखा पाह्यजे."

तहसीलदारसाहेबांचा फोन आला. ऐकत नसतील तर उचलून आणा, म्हणाले. दोन शिपाई पाठवले. त्यातल्या एकानं बूट काढले, देवाच्या पाया पडला आणि कोणी तरी हातात टाळ दिले तसा वाजवायलाच लागला. दुसरा प्रसादाच्या द्रोणाकडे पाहत होता.

देवाच्या कामात सरकारनं पडू नये, असं मलाही एरवी वाटतं. ज्याला बुडून वैकुंठाला जायचंय त्यानं खुशाल जावं. पण देवळात चाळीस माणसं होती, त्यांत निम्म्या म्हाताऱ्या बाया. पाणी चढल्यावर त्यांना काढायला जे बोटीतून येतील, त्यांनी कोणता नवस केला होता? मी आवाज चढवला. "बापूराव, आता एकेकाला उचलून नेणार!"

त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला ओढत देवळामागच्या खोलीत नेलं.

तिथं खाटेवर सोनबा पडला होता. चाळीस वर्षं या देवळात पखवाज वाजवलेला माणूस. आता पायांत जोर नाही, कान पार गेलेले. दोन वर्षांपूर्वी त्याच्या लेकानं त्याला उचलून अकोल्याच्या दवाखान्यात ठेवलं आणि परत न्यायला आलाच नाही. शेवटी बापूरावांनीच आणून या खोलीत ठेवलं होतं.

"तवापासून कोणी उचलाले गेलं का थरथरते हा," बापूराव हळूच म्हणाले. "सकाळी पाण्याचं ऐकून मी पाठीखाली हात घातला, तं लेकरावानी रडला. तुमचे शिपाई उचलतीन तं भेवानंच मरन."

"मग हे सांगायचं ना मला!"

"काय सांगू? एका म्हाताऱ्यापायी सप्ता अडकला म्हणून? गावानं त्याले बोललं असतं. मले बोललं तं चालते. मले सवय हाय."

मला दया आली आणि रागही आला. "आणि त्याच्यापायी तुम्ही बाहेरचे चाळीस जीव टांगून ठेवले?"

बापूरावांनी या वेळी लेखी मागितलं नाही. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. ते तरातरा बाहेर गेले. परत आले ते वीणा घेऊन. ती त्यांनी सोनबाच्या गळ्यात घातली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "सोनबा! सप्ता शाळेत चालला! आता तुहा पहारा हाय! वीणा तुले न्याची हाय!"

किती ऐकू गेलं कोण जाणे. सोनबानं वीणा चाचपली. दोन्ही हातांनी छातीशी धरली. आणि मग एक हात स्वतःहून पुढं केला.

शिपायांनी त्याला खुर्चीत बसवून उचललं. "सावकाश," तो त्यांच्यावर खेकसला, "वीणेले धक्का लागन!" पुढं टाळ, मधे खुर्ची, मागं चाळीस माणसं आणि देवाची मूर्ती डोक्यावर घेतलेले बापूराव. तहसीलदारांचा पुन्हा फोन आला. "कसला गोंधळ आहे तो?"

"स्थलांतर चालू आहे, साहेब," मी म्हणालो.

दुपारी पाणी आलं. देवळाच्या पायऱ्या गेल्या, मागच्या खोलीतली खाट तरंगली. शाळेत चौथीच्या वर्गात, पाढ्यांच्या तक्त्याखाली, सप्ता पूर्ण झाला. दर्ग्यातल्या मंडळींनी दोन दिवस सगळ्यांना चहा पाजला.

पाणी ओसरल्यावर सोनबाची खोली राहण्यासारखी उरली नव्हती. बापूराव त्याला आपल्या घरी घेऊन आले. लग्न न केलेला माणूस. त्या घरात दुसरी खाट पडली ती तेव्हाच.

पंधरा दिवसांनी मी पंचनाम्यावर सही घ्यायला गेलो. बापूराव सोनबाशी बोलत होते. संत्र्याला बहर कसा धरला, सरपंच काय म्हणाला, डाळीत मीठ जास्त झालं, सगळं. सोनबा त्यांच्या तोंडाकडे पाहत मान डोलावत होता.

"बापूराव," मी म्हणालो, "त्याले तं काहीच ऐकू येत नाही. एवढं काय बोलता?"

त्यांनी सोनबाच्या अंगावरची चादर सारखी केली.

"ऐकाले कोण म्हणते? इतकी वर्षं या घरात बोलून राहिलो मी एकटाच," ते म्हणाले. "हा मान तं हालवते."