गाडीखालचे नजीरचाचा

नजीरचाचांनी माझ्या मेव्हण्याची नवीकोरी गाडी चाखून बघितली होती. मेव्हणा अलिबागहून पहिल्यांदाच ती घेऊन आला होता. कौतुकाच्या अपेक्षेनं तो खाली उतरतो न उतरतो तोच समोरच्या घरातून लुंगी सावरत एक म्हातारा आला. त्यानं चाकाच्या वर हात घालून आतला चिखल खरवडला, बोट जिभेला लावलं आणि निकाल दिला, "खारट. चार पावसाळ्यांत चाळणी व्हईल." मेव्हणा पुढं दोन दिवस आमच्याकडं राहिला, पण त्याला झोप लागली असेल असं वाटत नाही.

छावणीतल्या आमच्या गल्लीत गंजाची भीती बाळगणारा हा एकच माणूस. बाकीच्यांना भीती असते ती नळाला पाणी न येण्याची. गाडी गंजवण्याइतकं पाणी आम्हाला मिळालं तर आम्ही ते आधी पिंपात भरून ठेवू.

चाचा बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. तीस वर्षं खड्ड्यात उभं राहून वर बघत नोकरी केली, त्यामुळं गाडी त्यांना फक्त खालून ओळखता येते. स्वतःकडं सायकल आहे. एकदा माझी गाडी दारात दिसेना म्हणून मी घाबराघुबरा होऊन त्यांना विचारायला गेलो, तर म्हणाले, "कोणत्या रंगाची हो तुमची?" चार वेळा तिच्याखाली झोपलेला हा माणूस! मी म्हटलं, लाल. "आसंल. सायलेन्सरचा मागचा हूक तुटलेला, तीच ना?" तीच होती. माझा मुलगा घेऊन गेला होता.

रंगावर, काचांवर, सीटच्या कव्हरांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "वरून काय सर, वरून सगळेच नवरदेव," असं म्हणतात. हे ते गाड्यांबद्दल म्हणतात, नव्या इमारतींबद्दल म्हणतात आणि निवडणुकीला उभ्या राहिलेल्यांबद्दल तर हमखास म्हणतात.

त्यांच्या तावडीत गाडी सापडली की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. पुढची चाकं लाकडी ओंडक्यांवर चढवायची, खालून पाण्याचा फवारा मारायचा, मग दोन तास ऊन द्यायचं. दरवाज्यांच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती तारेनं मोकळी करायची. मग चाचा पोतं अंथरून खाली सरकतात, तारेच्या ब्रशनं गंज खरवडतात आणि काळा लेप लावत बसतात. बाहेर फक्त दोन पाय दिसतात. गल्लीतली माणसं त्या पायांशी बोलून पुढं जातात. मला हे सगळं अती वाटायचं. रविवारी सकाळी त्यांची चाहूल लागली की मी गाडी काढून सरळ पैठणला निघून जात असे.

हे सगळं कशासाठी, ते मला जानेवारीत कळत गेलं. दर जानेवारीत त्यांची रुबिना दोन दिवसांसाठी येते. एकुलती एक मुलगी. सासर दापोलीच्या पुढं, अगदी समुद्राला लागून. जावयाचा मासळीचा धंदा. बर्फाच्या खोक्यांतून झिरपणारं खारं पाणी गाडीच्या तळाला आणि वरून समुद्राची हवा. एवढ्या लांब मुलगी देऊ नका म्हणून चाची पुष्कळ भांडल्या होत्या. चाचांनी ऐकलं नाही. चाची जाऊन सहा वर्षं झाली, पण ते भांडण काही मिटलं नाही.

रुबिना आली की चाचा तिच्या गाडीखाली शिरत आणि ती बादली पालथी घालून शेजारी बसे. माझ्या गॅलरीतून सगळं ऐकू यायचं. ब्रश खरखरायचा, मग खालून आवाज, "सास कैसी है?"

"ठीक है."

पुन्हा खरखर. "ठीक है बोले तो?"

मग ती हळूहळू बोलायला लागे. चाची गेल्या त्या वर्षी ती बोलता बोलता रडली. ब्रश थांबला. चाचा बाहेर आले नाहीत, पण काळ्या तेलानं माखलेला एक हात तेवढा बाहेर आला आणि तिनं तो ओढणीसकट धरला. मी आत निघून आलो.

या जानेवारीत रुबिना आली ती हसतच. चाचा पोतं घेऊन तयार होते. ती म्हणाली, "अब्बा, अब के नीचे नक्को जाव. पूरी कोटिंग कराके लाई मैं. पाँच साल की गॅरंटी है." बहात्तर वर्षांच्या बापानं जमिनीवर घासत फिरू नये, दोन दिवस निवांत बसून गप्पा माराव्यात, एवढंच तिच्या मनात होतं. चाचांनी वाकून बॅटरी मारली. बराच वेळ बघितलं. कुठं एक डाग सापडला असता तर मला वाटतं त्यांनी त्याला मिठीच मारली असती. "काम अच्छा किया है," ते म्हणाले.

मग अंगणात दोन खुर्च्या टाकून बापलेक समोरासमोर बसले. नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे बोलून झालं. यंदा थंडी नाही हेही झालं. चाचा चार वेळा चहाला उठले. दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती गेली.

दुपारी चाचा माझ्या दारात. "सर, गाडी काढा."

एरवी मी काहीतरी सबब सांगितली असती. पण त्यांच्या काखेत पोतं होतं, आणि त्यांच्या तोंडाकडं बघून मी मुकाट्यानं गाडी ओंडक्यांवर चढवली आणि शेजारी स्टूल टाकून बसलो. ब्रश बराच वेळ चालला. मग खालून आवाज आला.

"इचारायचं राहून गेलं, सर."

"काय?"

"तिथं ती खूश हाय का नाय, ते. दर साली इचारतो. मीच दिली ना तिला तिथं." ब्रश थांबला. "आता तोंडासमोर बसून कसं इचारायचं?"

मी म्हटलं, फोन करा की.

"फोनवर ठीक हाय म्हणती."

पैठणच्या पुढं कधी न गेलेल्या माझ्या गाडीला खाली गंज नव्हता, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. थोड्या वेळानं ते बाहेर सरकू लागले, तसा मी घाईघाईनं म्हणालो, "चाचा, मागच्या बाजूलाही बघा जरा. मला कुठं काम नाही आज."