तळीमायचं डोहाळजेवण

मुलांनो, बूड टेकवा आणि ऐका. एका जंगलात एक तळं होतं आणि त्या तळ्याचा एक नियम होता. पाणी हिरवं झालं की तळीमायला, म्हणजे तळ्यालाच, दिवस गेले असं समजायचं, आणि 'कशावरून?' असं कुणीही विचारायचं नाही.

टुणकी बेडकीने हा नियम शेपूट गळायच्या आधीच पाठ केला होता.

पूर्वी तळं क्वचितच हिरवं व्हायचं. मग उन्हाळे लांबले, पाणी तापू लागलं आणि दरवर्षी त्यावर दाट हिरवा थर धरू लागला. म्हाताऱ्या कासवआबांना आनंद मावेना.

"हिरवा शालू नेसलीय बघा माय!"

"आबा, पाणी कोमट लागतंय," टुणकी म्हणाली.

"दोन जिवांची आहे. अंग गरम असायचंच."

"वास मारतोय."

"डोहाळे गं, डोहाळे!" म्हैसमावशी लाजून म्हणाली.

झालं, डोहाळजेवण ठरलं. म्हैसमावशीने शेणाचे पेढे वळले. हरणांनी लेंड्यांची बर्फी थापली. बगळेकाकांनी एका पायावर उभं राहून फोटो काढले. सगळा फराळ वाजतगाजत पाण्यात गेला.

टुणकीची धाकटी भावंडं अजून शेपटीवाली होती, पाण्यातच राहायची. ती वर येऊन आ वासू लागली.

"ताई, खाली श्वासच येत नाही."

टुणकी पलीकडच्या ओढ्यावर शिकून आली होती. तिने तळाशी बुडी मारली आणि फणफणत काठावर आली.

"आबा, गाळातले बारीक जीव आपली घाण पचवतात, त्यातलं नत्र हवेत सोडून देतात. पण वरचं तापलेलं पाणी आता खालच्यात मिसळत नाही. तळाला प्राणवायू पोचेना, त्यांचं काम अडलं. नत्र पाण्यातच साठतं. ते खाऊन शेवाळ माजतं, मग मरतं, कुजतं आणि उरलासुरला प्राणवायूही संपवतं. आणि तुम्ही वरून पेढे भरवताय!"

"शिकली काय, जीभ केवढी लांब झाली!" म्हैसमावशी म्हणाली.

"बेडकीची आहे, मावशी. लांबच असणार."

"पुरे!" आबांनी मान बाहेर काढली. कमळाच्या पानावर शेवटचा पेढा ठेवून ते पान त्यांनी तिच्यापुढे सरकवलं. "शेवटचा घास घरच्या लेकीने भरवायचा असतो. चल, भरव."

टुणकीने पाण्याकडे पाहिलं. भावंडांची इवली तोंडं उघडत होती, मिटत होती.

तिने पान उचललं, मागे वळली आणि पेढा जांभळीच्या बुंध्याशी नेऊन टाकला.

"नाही भरवणार. आबा, दरवर्षी डोहाळजेवण घालता. मग बारसं एकदाही का झालं नाही?"

आबांनी मान आत घेतली. म्हैसमावशीचा रवंथ थांबला. बगळेकाकांचा वर उचललेला पाय वरच राहिला.



तात्पर्य: मुलांनो, थोरामोठ्यांना प्रश्न विचारू नयेत. उत्तर शोधताना ते मोठा श्वास घेतात, आणि तळ्यात प्राणवायू आधीच कमी आहे.