बसू नका, काका

दुधनीच्या बाजारात मी चाळीस वर्षं तुरीची पोती पाठीवर वाहिली. माझ्या काळजाला काय धाड भरलीय! सोलापूरच्या त्या दवाखान्याच्या दारातच मी मुलाला हे ठणकावून सांगितलं.

मुलाचं नाव बसवराज, घरात बसू. चिंचोळीच्या कारखान्यातून रजा टाकून तो मला घेऊन आला होता. जिना चढताना मी छाती धरतो, हे त्याने पाहिलं होतं. मी म्हणालो, पित्त आहे. तो म्हणाला, "आईबी पित्तच म्हणत हुती."

माझ्या बायकोला, चंद्रव्वाला जाऊन सात महिने झालेत. म्हणून आलो.

तपासणी अशी. आधी आडवं करून, छातीवर गार मलम फासून, सोनोग्राफीसारखं हृदय बघतात. मग पळत्या पट्ट्यावर चालवतात. धडधड टिपेला गेली की मिनिटभरात पुन्हा आडवं करून बघतात. रक्ताची नळी चोंदली असेल, तर तिथली हृदयाची भिंत हलायला कंटाळते.

ऋतुजा नावाच्या बाईंनी छातीला वायरी चिकटवल्या आणि काही त्रास झाला तर लगेच सांगायला बजावलं. मी म्हटलं, "तुमचं यंत्र दमंल, मी न्हाय."

सहा मिनिटं ऐटीत चाललो. मग पट्टा चढाला लागला आणि छातीवर कुणीतरी पोतं ठेवावं तसं झालं. पण दुखतंय म्हणायला जीभ वळेना! बाहेर बाकावर मुलगा होता, त्याला हाक मारली.

"बसू!"

"बसायचं नाही, काका. चालत राहा," पडद्यासमोरचे डॉक्टर म्हणाले.

"अवं, बसू!"

"दोनच मिनिटं. मग बसा."

हाक ऐकून मुलगा दार ढकलून आत आला. डॉक्टरांनी विचारलं, कोण तुम्ही?

"मी बसू."

"बसा की. पण बाहेर बसा."

तेवढ्यात माझा हात छातीवर गेला. ऋतुजाबाईंनी पट्टा थांबवला. डॉक्टर ओरडले, "झोपा, डाव्या कुशीवर, लवकर!" कारखान्यात साहेब ओरडला की आधी करायचं, मग विचार करायचा, ही बसूची सवय. तो बुटांसकट खाटेवर आडवा झाला! त्याला ओढून काढून मला झोपवेपर्यंत अर्धं मिनिट गेलं. उरलेल्या अर्ध्यात डॉक्टरांनी काय दिसेल ते टिपलं.

मग ते माझ्यावर घसरले. दुखत होतं तर तसं सांगायचं, बसू-बसू काय लावलंत?

मी म्हटलं, "पोराचं नाव हाय ते. काय झालं की आदी ह्याच्या आईला हाक मारायचो. आता त्योच हाय."

डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. मग म्हणाले, खालची भिंत नीट हलत नाही, अँजिओग्राफी करून नळी बघावी लागेल.

"करा की. मी कशाला भितोय?" मी म्हणालो.

ते बाहेर गेल्यावर मी बसूला हळूच म्हटलं, "तितं तुला आत सोडत्यात का, तेवढं इचारून ये."