जाऊबाईंच्या दारात ऐंशी टक्के

"ही गाडी नुसती उभ्या उभ्या चार्ज खाते गं," सासूबाईंनी तक्रार केली. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून त्या तीनचाकी बॅटरीच्या स्कूटरवरून फिरत.

"मेकॅनिकला बोलावू," मुलगा म्हणाला, आणि सून दुखावली. बॅटरीत चार्ज किती उरला ते मोजणारी सर्किटंच ती कारखान्यात तपासत असे.

"मेकॅनिक कशाला? गाडी बंद असली की करंट शून्य असतो, पण हे मीटर तेव्हाही थोडा दाखवतंय. 'बाबा रे, हेच शून्य' असं त्याला शिकवलं की झालं." तिने लॅपटॉप जोडून बटण दाबलं.

पुढच्या बास्केटमध्ये, पिशवीखाली, सासूबाईंचा मोबाइल गाडीच्याच सॉकेटवर चार्ज होत होता, हे काही तिला दिसलं नाही. मोबाइल ओढत होता तेवढा करंट मीटरने शून्य म्हणून पाठ केला. मोबाइल निघाल्यावर त्याला वाटू लागलं, कुणीतरी बॅटरी भरतंय.

"अगं, रात्रभर उभी होती तर साठाचे ऐंशी झाले! तुझ्या हाताला गुण आहे हो," सासूबाई सकाळी म्हणाल्या. डबा भरण्याच्या घाईत सुनेने फक्त कौतुक तेवढं ऐकलं. सासूबाईंनी गाडी चार्जिंगला लावणंच सोडलं.

आठवडाभरात कारखान्यात फोन आला. "गाडी बंद पडली गं."

"किती दाखवतेय?"

"ऐंशी."

सुनेने हातातलं सर्किट खाली ठेवलं. "मोबाइल कुठे चार्ज करता तुम्ही?"

"गाडीवरच की. का?"

"काही नाही. आहात कुठे?"

सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला, "धाकटीच्या दारात."

सून लॅपटॉप उचलून धावलीच. "ताईंना हल्ली ऐकू येत नाही," असं सासूबाईंच्या या धाकट्या जाऊबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, आणि तेव्हापासून सासूबाईंनी त्यांचं काहीही ऐकायचं नाही असं ठरवलं होतं.

व्हरांड्यात दोघी चहा पीत होत्या. विषय नवऱ्यांच्या घोरण्याचा होता आणि हसता हसता सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"आई, चूक माझी आहे," सून रडवेली होऊन म्हणाली.

"तर काय! गाडी बंद पडली म्हणून थांबले. नाहीतर मी कशाला पाय ठेवतेय इथे?"

"मी तरी कुठे बोलावलं होतं?" म्हणत धाकटीने त्यांचा कप पुन्हा भरला.

घरी आल्यावर सुनेने बास्केट उलटी करून झटकली, सॉकेट तपासलं, मगच मीटरला खरं शून्य शिकवलं. आता आकडे चोख येऊ लागले.

पुढच्याच आठवड्यात फोन. "पुन्हा बंद पडली. तिथेच."

सून पोचली, तर दोघी पुन्हा व्हरांड्यात चहा पीत होत्या. गाडी फाटकाशी नीट सावलीत उभी होती आणि किल्ली सासूबाईंच्या मुठीत होती. सुनेने ती मागून घेऊन फिरवली. पडदा उजळला: ब्याण्णव टक्के. चाकही मुकाट्याने पुढे सरकलं.

"तुझं ते शून्य अजून काही जमलेलं दिसत नाही," सासूबाई कपात बघत म्हणाल्या.

सुनेने गाडी बंद केली. कारखान्यात असं कुणी म्हटलं असतं तर तिने त्याला तासभर समजावलं असतं.

"नाही ना जमलं," ती खुर्ची ओढत म्हणाली. "आणि लवकर जमेल असंही वाटत नाही. काकू, मला साखर कमी."