पुरावा आणते

सकाळी इंटरकॉम उचलला की पलीकडून 'हॅलो' येत नाही. "सावंत, दुधाच्या वर साय, तर तळाला काय?" असं येतं. या परुळेकरबाई. मुलुंडच्या आमच्या इमारतीत त्या चौथ्या मजल्यावर एकट्या, मी तिसऱ्यावर एकटा. वर्तमानपत्रातलं समसंबंधाचं कोडं त्या सोडवत नाहीत, त्याच्याशी भांडतात. त्यासाठी त्यांना माणूस लागतो.

"खरवड," मी म्हणालो.

"फक्त दुधाची? भाताची नाही?"

"भात करपतो. त्याला खरवड म्हणत नाहीत."

"थांबा. पुरावा आणते."

पाच मिनिटांत बाई पातेलं घेऊन दारात. तळाशी तांबूस भात, वर तूप-मेतकूट. उलथन्याने खरवडून दाखवला. "आता हे परत वर कोण नेणार? पुरावा टाकायचा नसतो. खा."

सार आणि कढण एकच, असं मी म्हणालो, तेव्हा दोन वाट्या आल्या. केळ्यांच्या फणीला मी घड म्हणालो, तर अख्खी फणी आली. "हिला फणी म्हणतात. घड झाडाला असतो. मोजत बसू नका, खा."

इमारतीत सगळे म्हणायचे, म्हातारी सावंतांना छळते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, सकाळी सकाळी त्रास होतो ना? आम्ही सांगतो त्यांना." बाई समोरच बसल्या होत्या. लोक हसले. मी मान खाली घातली.

दुसऱ्या सकाळपासून इंटरकॉम वाजायचा बंद झाला.

आता सगळ्यांनी नीट ऐका. त्रास मला कधीच झाला नाही. बायको गेल्यावर मी सुनेचा डबा परत पाठवला, शेजाऱ्यांची ताटं परत पाठवली. कुणाची दया नको होती. चहा-बिस्किटांवर राहत होतो. बाईंनी "जेवलात का?" असं एकदाही विचारलं नाही. त्या फक्त वाद घालत राहिल्या. छळ म्हणायचा तर म्हणा. त्या छळावर मी जगलो.

शेवटी मीच वर गेलो. दार अर्धंच उघडलं.

"काय?"

"सार आणि कढण एकच. मी अजून तेच म्हणतो."

"मीटिंगमध्ये तोंड शिवलं होतं?"

"हो."

"मग आज कशाला उघडलंत?"

"भूक लागलीय," मी म्हणालो.

बाई आत वळल्या आणि तांदळाचा डबा काढताना पाठमोऱ्याच म्हणाल्या, "दार लावून घ्या. एकटीपुरता टाकलेला भात धड शिजतही नाही हो, सावंत."