मिस्टर ब्राऊनची मोटार

चिंतामणी सरांनी इंग्रजीच्या उताऱ्यातल्या म्हाताऱ्याचं नाव मिस्टर ब्राऊन ठेवलं आणि आता हे कोणाच्या बापाला कळणार नाही, अशी स्वतःची समजूत करून घेतली. दारातलं सीताफळ, कानांवरचे केस, फाटकाला बांधलेली सायकलची साखळी मात्र घरमालक उत्तमरावांची जशीच्या तशी उचलली. उत्तमराव पाण्याची मोटार नेहमी मध्येच बंद करत. तोंडाला साबण लावून ताटकळलेल्या सरांनी त्याचा सूड सातवीच्या चाचणीत उगवला.

'मिस्टर ब्राऊन मोटार का बंद करतात?' हा तिसरा प्रश्न. अपेक्षित उत्तर : ते कंजूष आहेत म्हणून. उत्तमरावांच्या नातीनं, स्वरानं, लिहिलं : भाडेकरू नळ उघडा ठेवून झोपतो म्हणून. सरांनी लाल शून्य दिलं.

"हे उताऱ्यात कुठं आहे?"

"उताऱ्यात नाही सर. घरात हाये."

तपासलेला उतारा घरी दहा वेळा मोठ्यानं वाचायचा, अर्थ सांगायचा आणि मोठ्यांची सही आणायची, हा नियम खुद्द सरांचाच. त्यानं म्हणे उच्चार सुधारतात.

संध्याकाळी ओसरीवर स्वराचे उच्चार सुधारू लागले. भिंतीपलीकडे सर वाचनं मोजत होते. दुसऱ्याला आजी मनकर्णाबाई येऊन बसल्या, पाचव्याला शेजारचे उद्धवराव.

"स्टिंजी म्हंजे काय वं?" उत्तमरावांनी विचारलं.

"कंजूष, आबा."

"आन सीताफळ कोनाचं म्हनते?"

"ब्राऊनचं."

"बरं. वाच पुढं."

सरांनी मनातल्या मनात बॅग भरली. अख्ख्या इचोडा गावात ट्रकचा हॉर्न ऐकू न येणारी त्यांना परवडेल अशी ती एकच खोली होती.

दहावं वाचन संपलं आणि हाक आली, "ओ मास्तर, या जरा इकडं."

सही झालेली होती. उत्तमरावांचं बोट शून्यावर होतं. "पोरीचा मार्क काऊन कापला बापा?"

"काका, उत्तर उताऱ्यातलंच लागतं."

उत्तमराव नुसता कान देऊन बसले. मग सगळ्यांनीच कान दिला. सरांच्या न्हाणीतून बादली भरून वाहत असल्याचा आवाज अगदी स्पष्ट, शुद्ध उच्चारात येत होता.

सरांनी खिशातला लाल पेन काढला, शून्य खोडलं, एक लिहिला आणि शेजारी सही केली.

"काका... खोली?"

"राहा ना! आमी काही म्हनलो का?" मोटार बंद करायला निघालेले उत्तमराव वळले. "फक्त पुढल्या पेपरात हे नळ उघडा ठेवनारे मास्तर टाका. नाव मिस्टर ग्रीन ठेवा. कोनाले वळखू येत नाही."