वरचं नाव, खालचं नाव

रूपसिंगने मला फसवलं. माडीवरची खोली मी त्याला एका बोलीवर दिली होती. तो औषधशास्त्राचा अडकलेला विषय यंदा सोडवणार, डॉक्टर होणार आणि जन्मभर माझं ब्लडप्रेशर फुकट बघणार.

खापर गावच्या बाजारात हातगाडीपासून मसाल्याच्या दुकानापर्यंत मी एकट्याने आलोय. सौद्यात मला कुणी गंडवत नाही. वरच्या पाड्यावरच्या या पोराने गंडवलं.

त्याला एकच वेड. गोळ्या, साबण, बिस्किटं, हातात येईल ते पाकीट उलटं करायचं. "शेठ, वरलं नाव सोडा. खाले बारीक काय लिखेल शे ते वाचा."

एकदा भर बाजाराच्या दिवशी त्याने माझ्या तिखटाची दोन पाकिटं गिऱ्हाईकासमोर धरली. एक साधं, एक स्पेशल. "मावशी, दोन्ही एकच शे."

"डॉक्टर, तुन्हं डोकं फिरी गयं का?" मी ओरडलो. मावशी दोन्ही ठेवून गेली.

परवा त्याची तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी साखरेच्या आजारावरच्या गोळीचा डोस विचारला. हा म्हणे, "सर, पेशंट आधीपासून काय खातो ते सांगा." तीनदा विचारलं, तीनदा हेच. पुन्हा नापास.

खोली खाली कर, असं सांगायला मी तणतणत माडीवर गेलो. तो वाचत बसला होता. पुस्तकात खुणेला गोळ्यांच्या दोन अर्धवट पट्ट्या.

"या कोन्या?"

"मायन्या."

आई ऊसतोडीला गुजरातेत जायची. तिकडून साखरेची गोळी आणली, परतल्यावर इकडच्या दवाखान्यातून दुसरी. नावं वेगळी, रंग वेगळे. बिचारीने दोन्ही नेमाने खाल्ल्या, एक दिवस चुकवला नाही. साखर उतरत गेली. एका सकाळी ती उठलीच नाही. दोन्ही पट्ट्यांवर खाली, बारीक अक्षरात, औषध एकच.

"घरमा वाचता येनारा मी एकलाच व्हतू, शेठ. अन् मी हॉस्टेलमा हाईच औषध पाठ करी ऱ्हायंतू."

खोलीचं बोलायचं राहूनच गेलं.

दोन दवाखाने, दोन डॉक्टर. बाई, आधी काय खातेस, एवढं एकानेही विचारलं नाही. ते पास झालेले. विचारणारा नापास. याचा जाब कोण देणार? मला गोलमाल उत्तर नको, नाव पाहिजे. खालचं, बारीक अक्षरातलं.